पाहुणी आली, म्हणून वर्ग बंद

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. ऊन किती होतं आणि संत्री आणलीत का. मी गेले होते जानेवारीत, त्यामुळे अंगावर शाल होती. संत्री आणली नाहीत. आणल्या त्या तुरीच्या शेंगा, आणि त्याही माझ्या मनाने नव्हे, पिशवीत कोंबून दिल्या म्हणून. त्या शेंगांखाली काय निघालं हे सांगायचं आहे, पण क्रमाने सांगते. गणिताची शिक्षिका होते, पायऱ्या गाळलेल्या मला चालत नाहीत.

आमचा एक लहानसा न्यास आहे. अठरा ते पंचवीस वयाची मुलंमुली आपल्याच गावात, आपल्याच वस्तीत मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवत असतील, तर त्यांना आम्ही वर्षाचं अनुदान देतो. अर्ज येतात, मग कोणीतरी जाऊन बघून येतं. यंदा अमरावती-अकोल्याकडचे तीन अर्ज होते आणि जागा दोन. बघून यायचं काम माझ्याकडे आलं. जाताना चार पानी तपासणीपत्रक बरोबर न्यायचं असतं. त्याच्या तिसऱ्या पानावर एक रकाना आहे: 'चालू वर्ग प्रत्यक्ष पाहिला का? हो / नाही.' तिथे 'नाही' असेल तर अर्ज तिथेच थांबतो. हा रकाना मीच घालायला लावला होता. एका वर्षी आम्हाला एका वर्गाचे फार सुंदर फोटो आले होते आणि नंतर कळलं की तसा वर्ग पृथ्वीतलावर नव्हता.

न्यासाची इतिवृत्तंही मीच लिहिते. माझं अक्षर मात्र वाईट आहे. तीस वर्षं मुलांनी ते फळ्यावर सोसलं, आता आमचे अध्यक्ष सोसतात. ते दर बैठकीत वही माझ्यापुढे सरकवतात आणि म्हणतात, "काय लिहिलंय ते आता तुम्हीच वाचा."

तिवसा

अमरावतीला उतरल्यावर सकाळी पहिलं काम केलं ते खाण्याचं. गिला वडा म्हणजे दह्यात भिजलेला वडा, पण त्यावर घातलेलं तिखट पुण्याच्या दृष्टीने गुन्हा ठरावा असं होतं. मी नाक पुसत पुसत दुसरा मागवला. मग नागपूर रस्त्याच्या एसटीत बसून तिवशाला गेले.

तिवशाच्या गटाचा म्होरक्या अक्षय, वय एकवीस, थांब्यावर घ्यायला आला होता. त्याच्यामागे दहा मुलं, गुलाबाच्या पाकळ्यांचं ताट आणि एक फ्लेक्स. फ्लेक्सवर माझं नाव, 'सहर्ष स्वागत' आणि त्याच्या वर तीन फुटांची लाल जास्वंद. माझ्या फोनवरच्या चित्रात माझा चेहरा नाही, गॅलरीतल्या कुंडीतलं फूल आहे. मुलांनी ते इमानदारीने मोठं करून छापलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फ्लेक्सकडे बघून मला नमस्कार केला, बहुधा एखाद्या पक्षाची निशाणी समजून.

सत्कार झाला. शाल, नारळ, चहा, पोहे, पुन्हा चहा. शेवटी मी विचारलं, "वर्ग किती वाजता?"

"आज नाही ना मॅडम," अक्षय म्हणाला. "आज तुमी आल्या."

मी तिसरं पान काढून दाखवलं. मुलांनी फोन लावले आणि अर्ध्या तासात पंधराएक माणसं हजर केली, त्यात हातगाडी लावून आलेला एक फळवाला आणि त्याची बायकोही होती. वर्ग सुरू झाला. पहिला धडा सगळ्यांनी खडाखडा वाचला. मी पुस्तकातलं पुढचं पान उघडून दिलं, तर सगळे अक्षयकडे बघायला लागले.

"तो अजून व्हाचा हाये मॅडम," अक्षय म्हणाला. पोरगा खरं बोलणारा होता. "आमी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. सकाळ-संध्याकाळ धावाचं असते. म्हणून शाळा आठवड्यातून दोनच रोज होते, कधी तेबी नाही होत."

मी पत्रकात हे सगळं लिहिलं. पण वर्ग भरला होता आणि मी तो पाहिला होता, म्हणून रकान्यात 'हो' वर खूण केली.

अचलपूर

दुसऱ्या दिवशी परतवाड्यावरून अचलपूरला. इथे सानिया नावाची मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघी कॉलेजात शिकणाऱ्या, मोहल्ल्यातल्या बायकांना मराठी वाचायला शिकवतात. बायका घरात उर्दू-हिंदी बोलतात, पण दवाखान्याची पाटी, रेशनचं कार्ड, मुलांच्या शाळेची चिठ्ठी, सगळं मराठीत. सानियानेही स्वागताची तयारी केली होती. तिच्या अम्मींनी ती मधेच थांबवली.

"मेहमान कहीं भागे नहीं जा रहे," त्या म्हणाल्या. "पहले सबक, बाद में शरबत."

मी त्यांचे मनात आभार मानले. एका बाईने औषधाच्या पाकिटावरचं 'जेवणानंतर' हे वाचलं आणि म्हणाली की इतके दिवस ती ते जेवणाआधी घेत होती. सगळ्या हसल्या. मग शरबत आलं, त्यानंतर शेवयांची खीर आली, आणि माझी अमरावतीची परतीची एसटी चुकली. पुढची पाऊण तासाने मिळाली. अचलपूरबद्दल मला काही ठरवायचं उरलं नव्हतं. दोनातली एक जागा तिथे गेली.

पातूरच्या पुढे

राहिलेल्या एका जागेसाठी आता दोन गट होते. तिवसा आणि पातूरच्या पुढचं एक गाव.

त्या गावाच्या गटाला आम्ही गेल्या वर्षी अनुदान दिलं होतं, यंदा ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरायचं होतं. गट म्हणजे खरं तर एकटी प्रणाली. वय तेवीस, बी.ए. झालेली, वर्गाचं मानधन तिला त्या अनुदानातूनच मिळायचं. अकोल्याहून एसटीने पातूरला उतरले तर ती स्टँडवर उभी होती, केस घट्ट बांधलेले, हातात पाण्याची बाटली माझ्यासाठी. गावाकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपला वेळ होता. तेवढ्यात तिने आपली परिस्थिती सांगून टाकली, काहीही न मागता, हवामान सांगावं तशी.

"चाकणले माहा मावसभाऊ हाये, मॅडम. त्यानं कंपनीत बोलून ठेवलं. बाबा म्हणते, अनुदान आलं तं राह्य इथं, नाही आलं तं पुढच्या महिन्यात जाय."

"आणि वर्ग?"

"मंग कोन घेईन?" ती म्हणाली.

मी असल्या गोष्टी ऐकून घेते आणि पत्रकात लिहीत नाही, कारण त्यासाठी रकाना नाही. ज्याची गोष्ट जास्त वाईट त्याला अनुदान, असं करायला लागलं तर वर्ग बघायची गरजच नाही. हे माझं मत होतं आणि आजही बऱ्याच अंशी आहे.

काळीपिवळीऐवजी प्रणाली मला आधी लेण्यांकडे घेऊन गेली. पातूरला यायचं आणि लेणी न बघता जायचं हे तिला पटणारं नव्हतं. पातूरला लागूनच टेकडीत खोदलेल्या जुन्या, साध्या खोल्या आहेत. आत गार, जरा वटवाघळांचा वास, बाहेर लख्ख ऊन. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाने इथे काही शोधू नये, नुसतं बसावं. मी बसले आणि घड्याळ पाहिलं. वर्ग पाच वाजता होता आणि अकोल्याची माझी शेवटची सोयीची गाडी पातूरहून साडेसातला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याची रेल्वे.

गावात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. वर्ग बुद्धविहारात भरतो. वस्तीतल्या आणि गावातल्या मिळून चौदा बायका येतात, बहुतेक कापूस वेचायला जाणाऱ्या. विहाराच्या पायरीवर चपला काढताना मला मागच्या पटांगणातून धूर येताना दिसला. मागे गेले तर चौदाच्या चौदा बायका तिथे होत्या. गोवऱ्यांची मोठी आर, म्हणजे निखाऱ्यांची रास, पेटली होती, कणकेचे गोळे तयार होत होते, एकीकडे वांग्याची भाजी रटरटत होती. माझ्यासाठी रोडग्यांचा बेत होता.

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गव्हाच्या पिठाच्या पोळ्या एकात एक गुंडाळून त्यांचा गोळा करतात, तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकतात, फोडतात आणि त्यावर तूप ओततात. ओततात म्हणजे ओततातच. आमच्याकडे तुपाला चमचा असतो, इथे वाटी होती. हा घाईचा स्वयंपाक नाही. ज्या घरी रोडगे असतात त्या घरी त्या दिवशी दुसरं काही नसतं, आणि नेमकं तेच मला हवं होतं, दुसरं काही.

मी प्रणालीला बाजूला घेतलं. "पाच वाजता वर्ग आहे ना?"

तिने पदराआडच्या चौदा पाठींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती घाबरली होती. "मी सांगितलं होतं मॅडम. बायका आयकत नाही."

आरीजवळ बसलेली एक साठीची बाई उठली. हिरवं पातळ, मनगटापर्यंत पीठ. तिचं नाव सुभद्राबाई. गेल्या वर्षी वर्गात पहिल्यांदा आली ती हीच, आणि बाकीच्यांना हिनेच ओढून आणलं.

"जय भीम, बाई," ती म्हणाली. "काय म्हणता?"

"जय भीम. मला वर्ग बघायचा आहे. अर्धा तास बसलात तरी चालेल."

"आज कायची शाळा? आज तुमी आल्या."

हे वाक्य मी तीन दिवसांत दुसऱ्यांदा ऐकत होते. मी रकाना समजावून सांगितला. वर्ग दिसला नाही तर अनुदान थांबेल, हेही सांगितलं. सुभद्राबाईने नीट ऐकून घेतलं.

"हात पिठाचे हाये, डोक्शात पंगत हाये," ती म्हणाली. "दुरून आलेल्या मानसाले उपाशी बसवायचं अन् आपन क ख गिरवाचं? हे आमच्यानं नाही होत. उद्या ये ना."

"उद्या माझी रेल्वे आहे."

"मंग जेव तरी बरोबर," ती म्हणाली आणि आरीकडे परत गेली. माझ्या आयुष्यात मला इतक्या आदराने कोणी नाकारलं नव्हतं.

प्रणालीने धावत जाऊन आतून एक वही आणली. या वर्गाची एक रीत अर्जात लिहिलेली होती. रोज घरी जाण्याआधी प्रत्येक बाई एका वहीत एक ओळ लिहिते, मनाला येईल ती. प्रणालीने ती वही माझ्या हातात दिली आणि मी चाळली. 'आज आम्ही जोडाक्षरे शिकलो.' 'शिक्षणाने माणूस मोठा होतो.' पानामागून पान शुद्ध, सुबक, निळ्या शाईत आणि एकाच वळणाच्या अक्षरात.

"हे कोणाचं अक्षर?"

"माहं, मॅडम. बायकाइचं लय गिचमीड होतं, चुका होत्या. तुमाले दाखवाचं म्हणून मी फेअर केलं. काही ओळी... जराशा सुधरवल्या."

मी वही मिटली. मला राग आला, आणि खरं सांगते, जरा समाधानही वाटलं. आपला रकाना किती योग्य आहे हे सिद्ध झाल्याचं ते समाधान होतं.

तरी एक प्रयत्न म्हणून मी पिशवीतून एक छापील कागद काढला. दहा ओळींचा उतारा, न वाचलेला; न वाचलेलं वाचून घ्यायचं हा नियमही माझाच. सर्वांत जवळ बसलेल्या बाईला दिला. तिचं नाव कुंदा, तिशीतली, नवऱ्याच्या चार एकरांत राबणारी. "एवढं वाचून दाखवाल?"

तेरा जणींचे हात थांबले आणि सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. कुंदाने कागद घेतला, उलटा नाही, सरळच धरला. मग तोंडाला पदर लावून हसली आणि कागद मला परत देऊन भाजी ढवळायला गेली. मी घड्याळ पाहिलं.

जेवण मात्र उत्तम झालं. सांबाराची चटणी होती, म्हणजे आपल्या कोथिंबिरीची. वांग्याची भाजी तिखट आणि वरण त्यावर उतारा. मी दोन रोडगे खाल्ले. तूप आलं तेव्हा हात आडवा धरला, माझं कोलेस्टेरॉल आणि माझी शिस्त दोन्ही सांभाळून. पंगत सुरू असताना बायका एकेक करून हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि विहारात जायच्या. थोड्या वेळाने बाहेर यायच्या. वंदन करून येत असतील, असं मला वाटलं.

निघताना सुभद्राबाईने माझ्या खांद्याला एक कापडी पिशवी अडकवली, वरपर्यंत तुरीच्या शेंगांनी भरलेली. "घरी जाऊन उकड," ती म्हणाली. "पिशवी रिकामी कर बरं, तशीच नको ठेवू." प्रणाली पातूरपर्यंत सोडायला आली. वाटेत आम्ही दोघी फारशा बोललो नाही. एसटीच्या खिडकीखालून तिने विचारलं, "मॅडम, काय लिवलं तुमी?"

"अजून काही नाही," मी म्हणाले. ते खोटं होतं. पंगतीत बसल्या बसल्याच मी 'नाही' वर खूण केली होती.

अकोला

सकाळी अकोल्याच्या लॉजवर सामान आवरताना पिशवी फारच फुगलेली वाटली. अर्ध्या शेंगा इथेच कोणाला तरी देऊन टाकाव्यात म्हणून मी त्या पलंगावर ओतल्या. तळाशी एक वही होती, शंभर पानी, कोपरे मुडपलेले, मुखपृष्ठावर हळदीची बोटं.

आत चौदा जणींची चौदा वळणांची अक्षरं होती. काही ओळी चढावर गेलेल्या, काही उतारावर, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. मी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. वर कालची तारीख होती.

'आज वर्ग बंद. पुन्याची बाई आली.'

'बाईनं दोनच रोडगे खाल्ले. तूप नाही घेतलं.'

'बाई हासत नाही. प्रनाली घाबरली.'

'बाईचं घड्याळ चांगलं हाये. सारखी त्याच्याकडंच पायते.'

मी पलंगावर, शेंगांच्या ढिगाशेजारी बसले. बायका वंदनाला जात नव्हत्या. वर्ग बंद होता, पण ओळ बंद नव्हती. एकेक जण हात धुऊन आत जात होती आणि माझ्याबद्दल लिहून बाहेर येऊन मला रोडगा वाढत होती.

खाली कुंदाची ओळ होती, बाकीच्यांपेक्षा मोठी. 'बाईनं कागद देल्ला. मले वाचता येत होता. साऱ्या मायाकडं पायत होत्या म्हनून नाही वाचला. आता वाईट वाटून राहिलं.'

दुसऱ्या एकीची: 'प्रनाली चाकनले गेली तं आमी काय करू.'

आणि सर्वांत खाली, पेनाने कागद जवळजवळ फाडत लिहिलेलं: 'बाई इचारते वर्ग कावून नाही घेतला. तिच्या घरी पाहुना आला तं ते काय करते. सुभद्रा.'

तिने विचारलंच आहे तर सांगते. माझ्या घरी पाहुणा आला तर मी पेपर तपासत बसते. नोकरीत होते तेव्हा नणंद औरंगाबादहून दिवसभराचा प्रवास करून आली, तेव्हा मी तिला मान वर न करता 'ये' म्हटलं होतं आणि हातातला गठ्ठा संपवून मग चहा टाकला होता. याचा मला त्या वेळी अभिमान होता. अकोल्याच्या त्या खोलीत मला त्याची लाज वाटली, आणि हे लिहितानाही वाटते.

पण लाजेने तपासणी होत नाही. मी शिक्षिकेच्या डोळ्याने पुन्हा पाहिलं. ज्यांना अनुदान हवं आहे त्यांनी देणाऱ्या बाईबद्दल हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं असेल? शक्यच नाही. प्रणालीने तर ही वही माझ्यापासून लपवली होती. जो पुरावा मला हवा होता तो तिने मला मान द्यायच्या नादात स्वच्छ करून टाकला होता, आणि सुभद्राबाईने तो शेंगांखाली घालून दिला.

मी प्रणालीला फोन केला. "तुमची एक वही माझ्याकडे आली आहे. हळदीची बोटं उमटलेली."

"तुमी वाचली?"

"हो."

"माय वं," ती म्हणाली. "मी येते, मॅडम. तिथंच थांबा. संध्याकाळी ओळ लिवाले ती वही लागते."

ती अकराच्या सुमाराला स्टँडवर उतरली. डोळे रडून सुजलेले. मी तिला समोरच्या गाड्यावर नेलं आणि दोन प्लेट आलूबोंडा मागवला, वर तर्री घालून. ती खात नव्हती.

"बायका तशाच हायेत, मॅडम. मनातलं बोलून टाकते. वाईट नका मानू."

"कालच्या पानाचा फोटो मला पुण्याला दाखवायचा आहे. पण वही त्यांची आहे, मी आधीच न विचारता वाचली. त्यांना विचार."

तिने फोन लावला. सुभद्राबाई शेतात होती, मागे वाऱ्याचा आवाज. प्रणालीने विचारलं आणि मग फोन माझ्या कानाला लावला.

"अवं, लिवलं ते कोनी तरी वाचासाठीच लिवलं ना," सुभद्राबाई म्हणाली. "त्या पोरीनं माहं नाव बी पुसून टाकलं होतं तिच्या वहीत. दाखव ज्याले दाखवाचं त्याले."

मी फोटो काढला. मग पेन काढलं आणि सुभद्राच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली, कारण तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. 'माझ्या घरी पाहुणा आला तरी मी पेपर तपासत बसते. हे चूक आहे. दोन्ही रोडगे फार चांगले होते, तूप न घेतल्याचा पश्चात्ताप होतो.' खाली सही. प्रणालीने वहीत डोकावून पाहिलं, वही जरा लांब धरून पुन्हा पाहिलं. मग तिने आलूबोंडा खाल्ला.

तिसऱ्या पानावरची 'नाही' ची खूण मी खोडली नाही. मी वर्ग पाहिला नव्हता, ते खरंच होतं.

पुणे

बैठक पुढच्या आठवड्यात होती. पत्रकं ठेवली गेली. अचलपूर एकमताने मंजूर झालं. तिवशाला 'हो' होतं, पातूरला 'नाही'. मी फोटो दाखवला आणि ओळी वाचून दाखवल्या, माझ्या घड्याळाच्या ओळीसकट. सभासद हसले, पण अध्यक्ष हसले नाहीत. ते सरळ माणूस आहेत.

"रकाना एक वेळ बाजूला ठेवू. लिहिता येतं हे दिसलं," ते म्हणाले. "वाचता येतं हे कुठे दिसलं? न वाचलेला उतारा वाचून दाखवायचा, हा आपला नियम. त्या बाईने वाचला नाही. नियम तुमचाच आहे."

त्यांचं बरोबर होतं. चाकणला जाणारी प्रणाली मला डोळ्यांपुढे दिसायला लागली. खूप वर्षांनी एखाद्या निकालाची मला अशी भीती वाटली. मी वेळ काढायला फोन हातात घेतला. सकाळपासून पाहिला नव्हता. प्रणालीचा एक फोटो येऊन पडला होता, वहीच्या नव्या पानाचा. त्यावर सुभद्राबाईचं ते कागद फाडणारं अक्षर होतं.

'पुन्याच्या बाईनं आमच्या वहीत लिवलं. एवढं खराब अक्षर मी कोनाचंच नाही पायलं. प्रनालीले बी नाही लागलं. मी अन् कुंदानं तीन रोज लावले. पन वाचलं. बाई म्हनते ते पेपर तपासत बसते. अन् तूप पायजे होतं तिले. मंग तवा कावून नाही घेतलं.'

मी फोन अध्यक्षांपुढे सरकवला. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग माझ्या इतिवृत्ताच्या वहीकडे पाहिलं, जी नेहमीप्रमाणे त्यांनी माझ्याकडे सरकवून ठेवली होती.

"यांनी तुमचं अक्षर वाचलं?"

"हो."

"मी नऊ वर्षं प्रयत्न करतोय," अध्यक्ष म्हणाले आणि पातूरच्या अर्जावर सही केली. तिवशाच्या मुलांना भरती आटोपल्यावर पुन्हा अर्ज करा असं कळवायचं ठरलं. तेही मीच कळवलं, छापील.

मग प्रणालीला फोन केला. पाच वाजून गेले होते, वर्ग सुरू होता. मंजूर झालं एवढंच सांगितलं. मग तिने फोन तसाच हातात धरून बायकांना सांगितलं असावं, कारण एकदम गलका झाला. त्यातून सुभद्राबाईचा आवाज स्पष्ट आला, माझ्यासाठी नव्हे, प्रणालीसाठी.

"मंग आता चाकनले नाही ना जात तू?"

"नाही जात, मावशी."

"नाही ना? मंग आन ते वही इकडं. आजची ओळ लिवाची राहिली."